डोळे मिटायचा शॉट

प्रमिला गेली त्या सकाळी मी गिरणीत होतो. ज्वारीचं दळण होतं. गिरणीवाला दुसऱ्याच कुणाचं बेसन आधी काढत होता, म्हणून मी बाकावर बसून राहिलो होतो. तेवढ्यात शेजारचे कुपवाडे स्कूटरवरून आले. त्यांनी स्कूटर स्टँडला लावली नाही, तशीच दोन पायांत धरून उभे राहिले.

"वामनराव, दळण राहू दे. घरी चला."

मी म्हणालो, "आता नंबर आलाय माझा."

"राहू दे हो."

'हो' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हा मला कळलं.

घरी बायका जमल्या होत्या. मी निघताना प्रमिला ज्या कुशीवर होती त्याच कुशीवर होती. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं. कानाचं यंत्र तिनं रात्री काढून उशीशेजारी ठेवलेलं, ते तिथंच होतं. कुपवाडेवहिनी रडत सांगत होत्या, "मी दोनदा हाक मारली. वाटलं, यंत्र नाही, ऐकू गेलं नसेल. म्हणून मग हलवलं."

दुपारी पुण्याहून वैजू आली. वैजयंती, आमची एकुलती एक मुलगी. तीही गाते. आईजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. माझ्याकडे आली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात प्रमिलाचा फोटो आला, तोच नेहमीचा. ती गातेय, आणि तिच्या अगदी पाठीला लागून मी तंबोरा घेऊन बसलोय. खाली लिहिलं होतं की ऐन भरात असताना त्यांनी एका मैफिलीतून उठून गाणं कायमचं सोडलं, त्याचं कारण शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन झाला की तेच विचारायचा. थेट कुणी विचारायचं नाही. "बाईंनी गाणं सोडलं ते तेव्हा तुम्ही..." असं म्हणून वाक्य तिथंच सोडायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

वैजूनं मात्र वाक्य सोडलं नाही. तेराव्याची मंडळी गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाबा, तुम्ही तिचं गाणं बंद केलंत. मी बघितलंय. आता ती नाही. आता तरी सांगा, का केलंत?"

मी म्हणालो, "सांगण्यासारखं काही नाही."

ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मी प्रमिलाला शब्द दिला होता. एकदा नाही, दोनदा. दुसरा तर ती जायच्या आदल्या आठवड्यात दिला होता.

सिनेमाचं निघालं ते यानंतर वर्षा-दीड वर्षानं. वैजूच त्या मुलाला घेऊन घरी आली. पराग उकिडवे त्याचं नाव. पस्तिशीचा असेल. चप्पल बाहेर काढून आत आला, प्रमिलाच्या फोटोला नमस्कार केला, मग बसला. वाईट मुलगा नव्हता. मला खूप वेळा असं वाटतं की तो वाईट असता तर बरं झालं असतं.

"काका, सिनेमा तुमच्यापासून सुरू होतो," तो म्हणाला.

"माझ्यापासून कशाला? गात ती होती. मी वीज मंडळात वायरमन होतो."

"गाणाऱ्या माणसाची गोष्ट सरळ सांगितली ना काका, तर ती सत्काराच्या भाषणासारखी होते. जन्मल्या, शिकल्या, गायल्या, गेल्या. लोक उठून जातात. म्हणून कुणीतरी मागे वळून बघावं लागतं. तुम्ही आज त्या नाट्यगृहात एकटे बसलाय, रंगमंचाकडे बघताय, डोळे मिटता, आणि आपण मागे जातो. फ्लॅशबॅक. मग त्यांचं लहानपण, शिक्षण, मैफिली, सगळं त्यातून येतं. आणि शेवटी पुन्हा तुम्हीच. पुन्हा डोळे मिटता, आणि ती शेवटची मैफल."

"म्हातारा कुणी नट मिळेल की तुम्हाला."

"तुमचाच चेहरा हवाय. तरुणपणचे तुम्ही नट करेल. आजचे तुम्हीच."

वैजू खिडकीशी उभी होती. ती बाहेर बघत म्हणाली, "एवढं तरी करा आईसाठी."

मी हो म्हणालो. आई गेल्यानंतर मुलगी पहिल्यांदा काहीतरी मागत होती.

शूटिंग मिरजेतच होतं, प्रमिला जिथून उठली होती त्याच नाट्यगृहात. मला सकाळी गाडी आली. आत गेलो तर नाट्यगृह ओळखू येईना. खुर्च्यांवर वायरींची वेटोळी, मधल्या वाटेवर लोखंडी रूळ टाकलेले, त्यावर कॅमेरा. मला तिसऱ्या रांगेत मधोमध बसवलं. माझ्या गुडघ्यांपुढे रूळ आला. उजवीकडे दिव्याचा स्टँड, डावीकडे दुसरा, त्यांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या. पंखे बंद, कारण आवाज होतो. दारं बंद, बाहेरून एक माणूस उभा, तो आतून सांगितल्याशिवाय उघडणार नाही. मला उठायचं झालं तर आधी चार माणसांनी सामान हलवायला हवं होतं. एकदा लघवीला जायचं म्हणालो तर असिस्टंट मुलगी म्हणाली, "काका, दहा मिनिटं थांबता का? लाइट सेट झालाय." मी थांबलो.

मेकअपवाला आला. माझ्याकडे मान तिरपी करून बघितलं आणि परागला म्हणाला, "ह्यांना काय लावू? आधीच सगळं आहे तोंडावर." पोरं हसली. मीही हसलो.

मग माझं काम करणारा नट भेटायला आला. विराज नावाचा, उंच, देखणा. माझ्यासारखी मिशी चिकटवली होती.

"काका, पाया पडतो. मिशी बरोबर आहे का?"

"माझ्यापेक्षा बरी आहे."

"एक विचारू? राग नका मानू. तुम्ही खरंच एवढे चिकटून बसायचात? सगळ्या फोटोंत बघितलं. तंबोऱ्यावाले जरा अंतर ठेवून बसतात. तुमचा तंबोरा तर त्यांच्या कमरेला टेकलेला असतो."

"बसायचो."

"लोक काही म्हणायचे नाहीत?"

"म्हणायचे की. पहारेकरी म्हणायचे. एकदा सोलापूरला मागून कुणीतरी ओरडलं, 'बाई पळून जात नाही, जरा सरका.'"

विराज मोठ्यानं हसला. "मला ते वापरता येईल," म्हणाला.

परागनं मला छोट्या टीव्हीवर आदल्या दिवशी घेतलेलं दाखवलं. "काका, तुम्ही डोळे मिटल्यावर हे दिसणार. बघून ठेवलंत तर चेहऱ्यावर येईल." वैजू माझ्या मागच्या रांगेत येऊन बसली.

टीव्हीवर रंगमंच होता. विंगेतल्या पडद्याच्या फटीतून बघितल्यासारखा, आणि खालून, म्हणजे लहान मूल बघतं तसा. प्रमिलाचं काम करणारी बाई गात होती, आवाज वैजूचा. मागे विराज, तंबोरा तिला टेकलेला. गाता गाता ती डोळे मिटून वर जाते, लोक हलायला लागतात. तेवढ्यात विराज तंबोरा खाली ठेवतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो. बोटं रुतलेली दाखवली होती. तोंड तिच्या कानाशी नेतो आणि म्हणतो, "पुरे. घरी चल." ती थांबते. तिचा चेहरा विझत जातो. हात जोडते आणि उठते.

मग लगेच दुसरं चित्र. तीच बाई, केस पांढरे, खिडकीशी बसलेली. मागून कुणीतरी हाक मारतं, 'आई.' ती वळत नाही. पुन्हा हाक. वळत नाही. मग अंधार.

पराग हळू आवाजात म्हणाला, "हे वैजयंतीताईंनी सुचवलं. गाणं सुटलं आणि मग त्यांनी ऐकणंच सोडून दिलं. कानांना काम राहिलं नाही. मला हे फार मोठं वाटलं, काका."

मागून वैजू म्हणाली, "खरंच आहे ते. मी पुण्याला गेले तेव्हा तिला थोडं कमी यायचं. दर सुट्टीला आले की अजून कमी. गाणं गेलं आणि ती आतून बंद होत गेली."

मी टीव्हीकडे बघत राहिलो. त्यात खोटं असं जवळजवळ काही नव्हतं. मी तंबोरा ठेवला होता. खांद्यावर हात ठेवला होता. तोंड तिच्या कानाला लावलं होतं. 'पुरे' म्हणालो होतो. आणि नंतर तिला ऐकू येईनासं झालं होतं, तेही सगळ्यांना माहीत होतं. फक्त जे आधी झालं ते त्यांनी नंतर ठेवलं होतं.

प्रमिलाचे कान वैजूच्या जन्मानंतर जायला लागले. आधी आम्हाला वाटलं थकवा आहे. मग डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या आईला होतं का हे?" होतं. प्रमिलाची आई चाळिशीत ठार बहिरी झाली होती, आणि वैजूच्या जन्माआधीच गेली होती. डॉक्टर म्हणाले, कानातलं एक बारीक हाड घट्ट होत जातं, ते घरातून येतं, बायकांना बाळंतपणानंतर वाढतं. ऑपरेशन मुंबईला होतं, पण त्या काळी ते म्हणाले की सुधारेल किंवा आहे तेवढंही जाईल. प्रमिलानं नको म्हटलं.

अशा माणसाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि बाहेरचं लांब जातं. तंबोराच ऐकू आला नाही तर गाणार कशावर? घरी ती तंबोऱ्याच्या दांडीला हनुवटी टेकवायची. हाडातून तिला स्वर कळायचा, कानापेक्षा चांगला कळायचा. ते बघून तिलाच सुचलं. तंबोऱ्याला बसणाऱ्या मुलीला तिनं रजा दिली आणि मला शिकवलं. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण चार तारा एकसारख्या छेडायला गाणं कळावं लागत नाही. मी तिच्या मागे असा बसायचो की तंबोऱ्याचा भोपळा तिच्या कमरेवर टेकेल. तो टेकलेला असला की ती सुरात असायची. चार-पाच वर्षं ती कानानं नाही, पाठीनं ऐकून गायली. घरी वैजूचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची. लोक म्हणतात ना की शेवटच्या वर्षांत ती फार आत गेली, डोळेच उघडायची नाही, ते हे.

आमचं ठरलं होतं. ठरवलं तिनंच. "मी सुरातून गेले आणि परत आले नाही, तर तुम्ही मला थांबवायचं. लोकांनी ओळखायच्या आधी. तुमच्याकडून कळलं तर मला चालेल."

त्या दिवशी ती सुरातून उतरली. मी भोपळा दाबला, एकदा, दोनदा. ती परत आली नाही. पेटीवर गंगाधरपंत होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेटी जोरात वाजवून झाकून घेतलं. ते मरेपर्यंत कुणाला बोलले नाहीत. मग मी तंबोरा खाली ठेवला. तोंड तिच्या कानाला लावावं लागलं, कारण मागून नुसतं बोललेलं तिला ऐकू गेलं नसतं.

घरी आल्यावर तिनं मला शब्द द्यायला लावला. "वैजूला कळता कामा नये. माझं काय झालं ते नाही, हे आईकडून येतं ते. तिचा गळा चांगला आहे. तिला कळलं तर ती गाताना सूर नाही ऐकणार, कान ऐकत बसेल. आज गेला का, उद्या जाईल का. असं गाता येत नाही. मी गेलेय त्यातून." मग म्हणाली, "लोक तुम्हाला बोलतील." मी म्हणालो, "बोलू देत."

तेव्हा माझ्या डोक्यात लोक म्हणजे लोक होते. विंगेत पडद्याआड वैजू उभी होती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"काका, तयार?" परागनं विचारलं. "काही करायचं नाही. रंगमंचाकडे बघा. मनात ते आणा. आणि हळूच डोळे मिटा. बास."

सगळे गप्प झाले. कॅमेरा रुळावरून माझ्याकडे सरकत आला, गुडघ्याला लागेल इतका जवळ. मी रंगमंचाकडे बघितलं. डोळे मिटले नाहीत.

"कट. काका, छान होतं. फक्त डोळे."

पुन्हा कॅमेरा मागे गेला, पुन्हा आला. डोळे मिटले नाहीत. दिव्यांनी पाणी येत होतं, तरी मिटले नाहीत. परागला वाटलं मला नीट समजलं नाही. त्यानं स्वतः मिटून दाखवले. विराजनं दाखवले. असिस्टंट मुलगी म्हणाली, "काका, झोप आल्यासारखं करा." आम्ही तेच पुन्हा पुन्हा केलं, किती वेळा ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी दार बंद, पंखे बंद, आणि ते मशीन माझ्याकडे चालत यायचं. डोळे मिटले की पुढे ते चित्र लागणार होतं, आणि ते माझ्या डोक्यातलं म्हणून लागणार होतं. मी बघितलेलं. मी केलेलं.

शेवटी परागनं चहा सांगितला. माणसं बाहेर गेली. सामान हललं नाही, म्हणून मी तिथंच राहिलो. वैजू रांगेतून वाकून आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"मुद्दाम करताय ना?"

मी गुडघ्यांपुढच्या रुळाकडे बघितलं.

"बाबा, माणसं घामानं भिजलीत. तुमच्यापायी दिवस जाईल त्यांचा. डोळे मिटायला काय होतंय?"

"मिटले तर ते माझं होतं."

"मग नाही का ते तुमचं? तुम्ही तिच्या कानात काही बोललात की नाही?"

"बोललो."

"काय?"

"पुरे म्हणालो."

"आणि घरी चल?"

"ते नाही म्हणालो."

ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "मग तेवढं काढायला सांगते परागला. तुमच्या नावावर एक वाक्य जास्त लागलं." हातातला चहाचा कप फिरवला. "मी नऊ वर्षांची होते, बाबा. ती गात होती आणि मी विंगेत उभी राहून तिच्याबरोबर ओठ हलवत होते. मला वाटायचं, मी मोठी झाले की अशीच बसणार, आणि तुम्ही माझ्या मागे बसणार तंबोरा घेऊन. तुम्हाला माहीत आहे का हे?"

"नाही."

"तर मग तुम्ही उठून तिच्या खांद्यावर हात ठेवलात. मी आजही स्टेजवर बसले की पहिली दोन मिनिटं खांद्याकडे लक्ष असतं माझं. कुणी हात ठेवेल म्हणून."

मी तिचं नाव घेतलं फक्त. "वैजू."

"सांगा. मी हा सीनच काढून टाकायला लावते. आत्ता. पराग माझं ऐकेल. मला फक्त कारण सांगा. कुठलंही सांगा. खोटं सांगितलंत तरी चालेल, पण काहीतरी सांगा."

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तुझ्या आईला तेव्हाच ऐकू येत नव्हतं. आजीलाही येत नव्हतं. एवढंच. पहिलं वाक्य माझ्या तोंडात आलंही होतं. पण पहिलं ऐकल्यावर ती दुसरं विचारणारच. डॉक्टरांनीही पहिलं तेच विचारलं होतं, घरात कुणाला होतं का.

तेवढ्यात रंगमंचावरून साउंडवाल्यानं हाक मारली. "वैजयंतीताई, आईचं काम करणाऱ्या मॅडमना ओठ हलवायला ती आलापाची ओळ हवीय. कालची खराब आलीय. इथूनच म्हणता? माइक आणतो."

"आण."

तंबोऱ्याची ती इलेक्ट्रॉनिक डबी लांब, विंगेत एका टेबलावर वाजत होती. मला ती जेमतेम ऐकू येत होती. साउंडवाल्यानं माइक तिच्यापुढे धरला. वैजूनं डबीकडे बघितलंसुद्धा नाही. मान वळवली नाही, कान दिला नाही, कशाला टेकली नाही. चहाचा कागदी कप हातात तसाच ठेवून तिनं स्वर लावला, आणि तो जिथं हवा तिथं लागला. मी इतकी वर्षं प्रमिलाच्या मागे बसलो होतो. स्वर लागायच्या आधी तिची पाठ कशी ताठ व्हायची, भोपळा शोधायची, ते मला माहीत होतं. वैजूच्या पाठीला काही शोधायचं नव्हतं. आपल्याला ऐकू येतं, हे तिला माहीतही नव्हतं.

ओळ संपली. साउंडवाल्यानं अंगठा दाखवला. वैजू माझ्याकडे वळली.

"सांगताय?"

"मला आवडायचं नाही," मी म्हणालो.

"काय आवडायचं नाही?"

"लोक तिच्याकडे बघायचे ते. ती गायची तेव्हा मी कुणीच नसायचो. वायरमन. त्या दिवशी सहन झालं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असेल असं मला वाटलं होतं. राग नव्हता. इतकी वर्षं बंद असलेली खोली उघडावी आणि आत नुसता केर निघावा, तशी ती बघत होती.

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं." ती उठली. कप खुर्चीखाली ठेवला. "मग काढायचं काही कारण नाही. पराग, घ्या शॉट. बाबा मिटतील डोळे."

माणसं परत आली. दार लागलं. पंखे बंद झाले. कॅमेरा आला. मी रंगमंचाकडे बघितलं आणि डोळे मिटले. मला आत काही दिसलं नाही. दिव्याचा लाल उजेड पापणीतून येत होता, तेवढाच.

"कट," पराग म्हणाला. मग त्यानं येऊन माझे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, तुम्ही सगळं सांगितलंत," तो म्हणाला.

सिनेमा चालला. बक्षीसही मिळालं कसलंतरी. किराणा दुकानात पूर्वी माझ्याशी बोलणाऱ्या दोन बायका मला बघून दुसरीकडे वळायला लागल्या. कुपवाडे एकदा म्हणाले, "वामनराव, सिनेमावाले वाढवून दाखवतात, आम्हाला का माहीत नाही." मी म्हणालो, "नाही, वाढवलेलं नाही." वैजू दिवाळीला फोन करते. तब्येत विचारते, औषधं घेताय का विचारते. भांडत नाही आता. भांडायची तेव्हा जास्त बोलायची.

तिला मुलगा झाला, तो आता शाळेत जातो. ती पुष्कळ गाते. मोठं नाव झालं.

गेल्या महिन्यात तिचं गाणं मिरजेत होतं. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. चांगलं चाललं होतं. मध्ये तिनं गाता गाता मागे वळून तंबोऱ्याच्या मुलीला हातानं खूण केली, जवळ ये. ती मुलगी थोडी सरकली. काही वेळानं वैजूनं पुन्हा मागे हात केला. मुलगी अजून सरकली. तिसऱ्यांदा वैजूनं स्वतःच मागे रेटा दिला, आणि तंबोरा तिच्या कमरेला टेकला.

नंतर मी आत भेटायला गेलो. बरीच माणसं होती. मी विचारलं, "तंबोरा ऐकू येत नव्हता का?"

"हॉल खराब आहे हो," ती म्हणाली. "सगळीकडेच साउंडवाले असलेच भेटतात हल्ली." आणि कुणाला तरी सही द्यायला वळली.

मी इथल्या कानाच्या डॉक्टरांना जाऊन विचारून आलो. दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून विचारलं. ते म्हणाले, आता हे ऑपरेशन साधं झालंय, मिरजेतही होतं, पण लवकर तपासलेलं बरं. घरातून आलेलं असेल तर मुलीला माहीत पाहिजे, असंही म्हणाले. मी घरी येऊन फोन हातात घेतला. तिनं उचलला. आवाज बारीक होता, पूर्वीपेक्षा हळू बोलत होती, कान जायला लागले तेव्हा प्रमिला बोलायची तशी. मी तब्येत विचारली. तिनं माझी विचारली. मग तिला मुलाला हाक मारायची होती, म्हणून तिनं फोन ठेवला.

प्रमिलाला दिलेला शब्द मी मोडलेला नाही. वैजूला अजून काही सांगितलेलं नाही. तिचे कान तपासून घ्यायचे राहिलेत.